न बोललेला शह

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्यांना नावं नव्हती, पण ओढ्यांना होती.

अशाच एका राज्यात घुमऱ्या नावाचा ओढा होता. डोंगरावरून तो आदळत आपटत उतरे आणि वर्षभर घुमत राही. त्याच्या पलीकडच्या काठाला एक लहानसं गाव होतं. ओढ्याचा आवाज एवढा, की त्या गावात हळू बोलून कुणाचं भागत नसे. तिथली माणसं मीठ मागायची ती ओरडून आणि लेकरांचे लाड करायची तेही ओरडून. नवखा पाहुणा आला, की त्याला वाटे घरात भांडण पेटलंय.

त्या गावात एक मुलगी जन्मली. जन्मताच ती अशी कडाडून रडली, की बापाने हौसेने तिचं नाव साळुंकी ठेवलं. साळुंकी म्हणजे दिवसभर बडबडणारा पक्षी. पण मुलगी जसजशी मोठी झाली, तसतसा तिचा आवाज लहान होत गेला. ती चौदा-पंधरा वर्षांची झाली तोवर तिचं बोलणं ऐकायला माणसाला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. आणि ओरडणाऱ्या गावात एवढी सवड कुणाला होती? लोक तिला काही विचारायचे आणि उत्तर यायच्या आधीच पुढे निघून जायचे. मग तिनेही उत्तर देणं सोडून दिलं. ती नुसती बघत राहायची. तिला फार दिसायचं.

तिची एक आत्या होती. बांबूच्या टोपल्या विणायची. तिच्याकडे काळ्या आणि पांढऱ्या कामट्यांचा विणलेला बुद्धिबळाचा पट होता. त्या पटावर आत्याने साळुंकीला खेळ शिकवला, आणि त्यातही एक खास बचाव शिकवला.

"राजाशेजारचं हे प्यादं मोकळं सोड," आत्या सांगायची. "दार किलकिलं ठेव. समोरच्याला खुशाल आत शिरू दे. आत शिरणाऱ्याची पाठ कुणाकडे असते?"

साळुंकी स्वतःकडे बोट दाखवी.

"बरोबर. मग दार लावून घ्यायचं. पण एक ध्यानात ठेव. हा बचाव म्हणजे लपून बसणं नव्हे. यात एक वेळ अशी येते, की उलटून शह द्यावाच लागतो. ती वेळ हुकली, तर आपणच आत घेतलेला माणूस आपलं घर लुटतो."

साळुंकी ते शिकली. शह द्यायची वेळ कधी येते, तेही शिकली. फक्त 'शह' हा शब्द ती तोंडाने म्हणत नसे. पटाच्या कडेवर नखाने टिचकी मारी. टक. आत्याला कळे. आत्याने तिला कधी टोकलं नाही. मायेच्या माणसाची चूक होते ती अशीच.

पुढे एका पावसात घुमऱ्यावरचा लाकडी साकव वाहून गेला. गाव या काठाला अडकलं. बाजार, दळणाची चक्की, वैद्य, सगळं त्या काठाला. त्याच पावसात शेजारच्या घरातल्या तान्ह्या बाळाला ताप आला. गावाने काठावर उभं राहून हाका मारल्या. दोन दिवसांनी कसाबसा निरोप पोचला आणि वैद्य पलीकडच्या काठावर आला. त्याच्या हातात औषधाची पुडी होती. उतरायला वाट नव्हती. त्याने पुडी दगडाला बांधून जोरात फेकली. ती अर्ध्या ओढ्यात पडली.

बाळ गेलं. साळुंकी काठावरच उभी होती. ती पुडी पाण्यात पडताना तिने पाहिली होती.

गावाने साकव मागितला नाही असं नाही. पलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी काठावरून हात हलवून, गळा फाडून सांगितलं. पण राजापर्यंत काही पोचलं नाही.

मग ओढा उतरल्यावर आत्या म्हणाली, "राजाच्या जत्रेत बुद्धिबळाचा फड भरतो. जिंकणाऱ्याला राजा एक मागणं मागू देतो. साळू, तू जा."

साळुंकीने मान हलवली, नाही म्हणून.

"तुझ्याइतकं खेळता येणारं गावात दुसरं कोण आहे? मी? माझे गुडघे त्या पाण्यातून उतरायचे नाहीत." आत्याने हातातली कामटी खाली ठेवली. "ती पुडी तूही पाहिलीस ना?"

साळुंकी गेली.

तो फड हौशी लोकांचा होता. ज्याचं पोट पटावर चालतं त्याने तिथे बसायचं नाही, असा नियम होता. म्हणून तिथे न्हावी होता, मेंढपाळ होता, देवळातला गुरव होता, घोंगड्या विणणारे होते. दिवसभर आपापलं काम करणारी आणि संध्याकाळी पारावर खेळणारी माणसं. दोघांत जो धाकटा, त्याने काळे मोहरे घ्यायचे. साळुंकी सगळ्यांत धाकटी होती, म्हणून तिच्या वाट्याला दर डावात काळेच आले. तिला तेच हवं होतं.

फड सुरू होण्याआधी म्हाताऱ्या पंचाने नियम सांगितले.

"शह मोठ्याने द्यायचा. पटाभोवती उभ्या असलेल्या माणसांना ऐकू गेला पाहिजे. राजावर चालून जाताना आधी त्याला सांगायचं, ही या राज्याची रीत आहे. न बोललेला शह हा शह नव्हे. समोरच्याने तो मानला नाही तरी चालेल."

साळुंकीने आपल्या टिचकीच्या बोटाकडे पाहिलं.

"आणि शेवटचा डाव कायम राहिला, कुणीच जिंकलं नाही, तर दोघांनी मिळून एकच मागणं मागायचं. एकमत झालं नाही तर मागणं बुडालं. मागे एकदा असंच झालं होतं. एकाला विहीर हवी होती, दुसऱ्याला ढोल. सूर्य मावळेपर्यंत भांडले आणि हात हलवत घरी गेले."

लोक हसले. मग दवंडीवाला प्रत्येक खेळाडूला नाव विचारत आला. साळुंकीपाशी येऊन त्याने कानामागे हात धरला.

"साळुंकी," ती पुटपुटली.

"काय?"

"साळुं..."

बाजूने उंटांचा तांडा गेला. त्यांच्या घंटा वाजल्या. दवंडीवाल्याने ऐकलं तेवढ्यावर काम भागवलं आणि ढोल बडवून ओरडला, "साळिंदर! घुमऱ्यापलीकडची साळिंदर!"

फडात हशा पिकला. साळुंकी लाल झाली. चूक सुधारायला तिने तोंड उघडलं, मग मिटलं. जाऊ दे, तिला वाटलं. नावाने काय होतं?

पण त्या नावाने जे झालं ते विचित्रच होतं. कारण तिचा खेळ खरोखरच साळिंदरासारखा होता. पहिल्या डावात गुरवाने तिचं मोकळं प्यादं पाहिलं, खुशीत येऊन ते मारलं आणि आत शिरला. आत शिरला तसा टोचला. इकडून उंट, तिकडून घोडा. मागे फिरायला वाट राहिली नाही. त्याने आपला राजा आडवा केला आणि तो उठला.

"हिला हात लावायची सोय नाही," तो लोकांना म्हणाला. "साळिंदरच आहे."

दुसऱ्या डावात न्हाव्याची तीच गत झाली. फक्त तो हार मानायला तयार नव्हता. साळुंकीला एका शहात डाव संपवता आला असता. तिला तो शह दिसतही होता. पण तो द्यायचा म्हणजे बोलायचं होतं. म्हणून ती लांबच्या वाटेने गेली. त्याची प्यादी एकेक करून उचलली, मग उंट, मग हत्ती. ऊन कलायला लागलं.

"अगं बाई," न्हावी शेवटी वैतागून म्हणाला, "मारायचं तर एकदाचं मार! हे एकेक केस उपटायचं काम आमच्या धंद्यातसुद्धा कुणी करत नाही!"

लोक पोट धरून हसले. न्हाव्याने राजा आडवा केला. साळुंकी एक शब्द न बोलता जिंकली.

तिसऱ्या डावात मेंढपाळ होता. त्याचे केस पांढरे झालेले, खांद्यावर घोंगडी. तो आत शिरला नाही. बराच वेळ मोकळ्या प्याद्याकडे बघत बसला. शेवटी त्याने दुसरीकडून वाट काढायचा प्रयत्न केला, पण तिथेही काटे होतेच. हरल्यावर तो उठला नाही. मोहरे गोळा करता करता हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू खरं साळिंदर कधी पाहिलंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मी रानात राहतो, मी पाहिलंय. लोकांना वाटतं ते नुसतं काटे फुलवून गप्प बसतं. तसं नसतं. आधी ते पाय आपटतं. शेपटीचे पोकळ काटे खुळखुळ वाजवतं. सांगतं, की मी इथे आहे, पुढे येऊ नको. शहाणं जनावर तेवढ्यावरच मागे फिरतं. काटे असतात ते वेळ मिळावा म्हणून. बोलणं वेगळं करावं लागतं."

त्याने पिशवीचा बंद ओढला.

"मघाशी तुझ्याकडे शह होता. तू दिला नाहीस. मी पाहिलं. उद्या तुझ्यासमोर जो बसणार आहे, तोही पाहील."

दुसऱ्या दिवशी शेवटचा डाव होता. समोर बसला होता गुऱ्हाळवाला. उंच, रुंद, हसतमुख, अंगाला काकवीचा वास. सलग दोन वर्षं तोच जिंकत आला होता. पहिल्या वर्षी त्याने राजाकडे जरीचा पटका मागितला, दुसऱ्या वर्षी साऱ्या गावाला जेवण. त्याचा आवाज असा, की त्याने शह दिला की देवळावरची कबुतरं उडायची.

"ये साळिंदरबाई, ये," तो म्हणाला. "यंदा मला राजाच्या हत्तीवर बसून गावभर मिरवायचंय. नातवाला शब्द दिलाय. तू काही मला टोचू नको हं."

साळुंकी हसली नाही. तिला समोर पट दिसत नव्हता, पाण्यात पडणारी पुडी दिसत होती.

डाव सुरू झाला. तिने प्यादं मोकळं सोडलं. गुऱ्हाळवाल्याने ते पाहिलं, मिशीत हसला आणि ते न मारता आपले सगळे मोहरे त्या दाराशी आणून उभे केले. दोन्ही हत्ती, उंट, वजीर, सगळे. त्याच्या राजापाशी घर राखायला घोडासुद्धा उरला नाही. मग एकदम सगळ्यांनिशी तो आत घुसला.

लोक पुढे सरकले. काट्यांना काटे भिडले. मोहऱ्यामागून मोहरा पडला. आणि त्या गर्दीत आत्याने सांगितलेली ती वेळ आली.

साळुंकीला ती लख्ख दिसली. तिचा घोडा एका उडीत अशा घरावर बसत होता, की तिथून त्याच्या राजाला शह आणि त्याच वेळी वजिरावर नजर. राजा हलला की वजीर पडला. वजीर पडला की डाव संपला. साकव झाला.

तिने घोडा उचलला आणि त्या घरात ठेवला.

मग तिने तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. चारी बाजूंनी डोळे तिच्याकडे लागले होते. नकळत तिचं बोट पटाच्या कडेवर गेलं. टक.

"ते काय?" पंचाने विचारलं.

टक. तिने पुन्हा टिचकी मारली. डोळे पाण्याने भरले.

"काही म्हणालीस का, पोरी?" गुऱ्हाळवाला म्हणाला. त्याला घोडा दिसत होता. सगळ्यांनाच दिसत होता. "बोल. मी थांबतो."

तो खरंच थांबला. पंचानेही वाट पाहिली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मुकी आहे का ती?" तेवढ्याने जे येत होतं तेही परत गेलं.

"टिचकी म्हणजे शह नव्हे," पंच शेवटी म्हणाला. "वेळ झाली. खेळा."

गुऱ्हाळवाल्याने मान खाली घातली. "मला ऐकू आलं नाही. आलं असं खोटं कसं सांगू?" असं म्हणून त्याने आपला वजीर उचलला, तिचा हत्ती मारला आणि गर्जना केली, "शह!"

कबुतरं उडाली.

साळुंकीने राजा बाजूला घेतला. पुढच्या खेळीत तिचा तो घोडाही गेला. आता तिच्याकडे एक वजीर आणि चार प्यादी उरली. तिच्या राजाभोवती शत्रूच शत्रू होते. पुढच्या खेळीला मात होती, हे झाडावर चढून बसलेल्या पोरांनाही कळत होतं.

ती पटाकडे बघत राहिली. जे हरलं होतं ते आता बदलणार नव्हतं. एका न बोललेल्या शब्दाने जिंकलेला डाव गेला होता. पण तिची नजर नेहमीसारखी फिरत राहिली, आणि तिला एक गोष्ट दिसली. गुऱ्हाळवाल्याने सगळे मोहरे तिच्या घरात आणले होते. त्याचा राजा एकटा कोपऱ्यात होता, आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला. त्याला हलायला दोनच घरं होती. तिच्या वजिराने एका बाजूने शह दिला की त्याने या घरात यायचं. दुसऱ्या बाजूने दिला की परत त्या घरात जायचं. मात होत नव्हती. पण शह थांबल्याशिवाय त्याला तिच्यावर मात करायलाही सवड मिळणार नव्हती.

जिंकता येणार नव्हतं. वाचता येणार होतं. फक्त त्यासाठी शह द्यायला हवा होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि प्रत्येक वेळी बोलून.

तिने समोर पाहिलं. गुऱ्हाळवाला वाट पाहत होता. त्याच्या मिशीला काकवी लागली होती. तो किती जवळ बसला होता! मध्ये काय होतं? एक पट. आत्याच्या टोपलीच्या झाकणाएवढा.

आणि साळुंकीच्या मनात काहीतरी लख्खकन चमकलं. घुमऱ्याच्या काठी वाढल्यामुळे तिला जन्मभर वाटत आलं होतं, की बोलणं म्हणजे ओरडणं. आपल्याला ओरडता येत नाही, म्हणजे आपल्याला बोलता येत नाही. पण इथे ओढा नव्हता. इथे घुमणारं काहीच नव्हतं. समोर माणूस होता आणि मध्ये एका पटाचं अंतर होतं. त्या अंतराला पुरेल एवढा आवाज तिच्याकडे होता.

तिने वजीर सरकवला.

"शह," ती म्हणाली.

आवाज लहानच होता, पण तुटला नाही. पंचाने मान वर केली. पहिल्या रांगेतल्या माणसाने मागच्याला सांगितलं, "बोलली!" मागच्याने त्याला गप्प केलं, "अरे हळू, ऐकू दे!" आणि बघता बघता सगळा फड चिडीचूप झाला.

गुऱ्हाळवाल्याने राजा हलवला.

"शह," साळुंकी म्हणाली.

त्याने राजा परत आणला.

"शह."

राजा तिकडे.

"शह."

राजा इकडे. गुऱ्हाळवाल्याने कपाळ पुसलं. त्याच्या हत्तींना, उंटाला, कुणालाच परत यायला सवड नव्हती. ते सगळे तिच्या दाराशी उभे राहून आपल्या राजाची धावपळ बघत होते.

"शह."

"अगं बस!" गुऱ्हाळवाल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठ्याने हसला. "कान किटले माझे! हिला मुकी कोण म्हणालं रे? पुढे ये म्हणावं, इथे बसून दाखव! डाव कायम. मी कबूल करतो."

पंचाने हात वर केले. दवंडीवाल्याने ढोल बडवला. "डाव कायम! गुऱ्हाळवाला आणि साळिंदर..."

"साळिंदर नाही," साळुंकी म्हणाली. "साळुंकी."

दवंडीवाला थबकला. त्याने कान खाली आणला. "काय?"

"साळुंकी. पहिल्या दिवशी सांगितलं होतं. घंटा वाजत होत्या."

मागे उभा असलेला मेंढपाळ घोंगडीत तोंड लपवून हसला. दवंडीवाल्याने घसा साफ केला आणि खरं नाव ओरडला.

पण काम संपलं नव्हतं. जिंकली असती तर तिला एकटीला मागता आलं असतं. आता दोघांचं एकमत व्हायला हवं होतं. ती आणि गुऱ्हाळवाला मंडपाच्या कडेला जाऊन बसले.

"बोल," तो म्हणाला. "मला तर हत्ती हवाय. तू पण चल. मोठा आहे हत्ती, तिघं बसू."

"साकव," साळुंकी म्हणाली.

"काय?"

"आमच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला, काका." आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. ताप, वैद्य, पुडी, दगड. कधीच कुणाला एवढं सलग सांगितलं नव्हतं. सांगताना मध्येच थांबली, तर तो मध्ये बोलला नाही. वाट पाहिली.

तिचं सांगून झालं, तोवर गुऱ्हाळवाल्याचं नेहमीचं हसू मावळलं होतं.

"त्या ओढ्याच्या काठानेच आम्ही उसाच्या गाड्या नेतो," तो म्हणाला. "गेल्या पावसातही नेल्या. पलीकडे तुमची माणसं उभी असायची. हात हलवायची, ओरडायची. घुमऱ्याच्या आवाजात शब्द कळायचा नाही. आम्हाला वाटलं, राम राम करतायत." त्याने हाताच्या तळव्याकडे पाहिलं. "आम्हीही हात हलवून राम राम केला पोरी. दर वेळी केला. आणि पुढे गेलो."

तो उठला. "चल. एकमत झालं."

राजा उंच आसनावर बसला होता. दोघांचं मागणं असलं, की धाकट्याने बोलायचं अशी रीत होती. साळुंकी पुढे झाली आणि बोलली.

"मोठ्याने बोल, मुली," राजा म्हणाला. "ऐकू येत नाही."

गुऱ्हाळवाल्याने पुढे होऊन तिच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. कबुतरं सावध झाली. साळुंकीने हाताने त्याला थांबवलं.

"माझा आवाज एवढाच आहे, महाराज," ती म्हणाली. "पण इथे ओढा नाही. आपण थोडं पुढे वाकलात, तर ऐकू येईल."

प्रधानाच्या हातातली सुपारी खाली पडली. सगळे राजाच्या तोंडाकडे बघायला लागले. राजाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तो आसनाच्या कडेवर आला आणि पुढे वाकला.

साळुंकीने साकव मागितला. पुडीची गोष्टही सांगितली. सांगून झाल्यावरही राजा थोडा वेळ तसाच वाकलेला राहिला.

"हे मला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?" त्याने विचारलं.

"सांगत होते, महाराज," गुऱ्हाळवाला म्हणाला. "ऐकणारे आम्ही हात हलवून जात होतो."

पुढचा पाऊस यायच्या आत घुमऱ्यावर साकव उभा राहिला. सागाचे भक्कम ओंडके डोंगरातून ओढून आणायला राजाने आपला हत्ती दिला. त्या हत्तीवर, माहुताच्या मागे, नातवाला पोटाशी धरून गुऱ्हाळवाला बसला होता. साऱ्या वाटेने तो लोकांना ओरडून सांगत होता, की मी मिरवत नाही, काम करतोय.

साकवावरून पहिल्यांदा वैद्य आला. त्याच्या पिशवीत पुड्या होत्या, सगळ्या कोरड्या.

त्याआधी, जत्रेहून साळुंकी घरी परतली तेव्हा आत्याने विणलेला पट मांडूनच ठेवला होता. दोघी खेळायला बसल्या. शह द्यायची वेळ आली, तसं जुन्या सवयीने साळुंकीचं बोट कडेवर गेलं. टक.

आत्या ढिम्म. तिने शांतपणे दुसरंच प्यादं सरकवलं.

"अगं आत्या, शह आहे ना!"

"असं होय?" आत्या म्हणाली. "मला ऐकू आलं नव्हतं. आता आलं." आणि तिने प्यादं परत जागेवर ठेवून राजा हलवला.

तर मुलांनो आणि मोठ्यांनो, या गोष्टीतून ध्यानात ठेवायचं ते इतकंच: बचाव कितीही काटेरी असला तरी तो आपल्याला फक्त वाचवतो, आपलं म्हणणं मात्र, आवाज लहान असला तरी, आपल्यालाच बोलावं लागतं.